पडद्यामागचा सम्राट

घरच्यांनी ज्याला चारचौघांत बसवायची लाज बाळगली, पुतण्याने ज्याची पंगतीत टवाळी केली, तो क्लॉडियस वयाच्या पन्नासाव्या वर्षी रोमचा सम्राट झाला. पुढची तेरा वर्षं त्याने जगातल्या सगळ्यात बलाढ्य साम्राज्यांपैकी एक चालवलं. ही गोष्ट त्याच्या यशाची आहे, तशीच त्याच्या हातून घडलेल्या वाईटाचीही आहे.

तुमच्या वर्गात असा एक जण नक्की असेल. प्रेझेंटेशनला उभा राहिला की मागच्या बाकांवर खुसखुस सुरू होते. बोलताना अडखळतो, घाबरला की जास्तच. ग्रुप प्रोजेक्टमध्ये त्याला कुणी मागून घेत नाही. सरांनी ढकललाच तर पीपीटी बनवायला बसवतात, बोलायला दुसराच उभा राहतो. गॅदरिंगला त्याच्या वाट्याला काय येतं, तर खुर्च्या लावणं.

आता समजा, हाच मुलगा देशातल्या सगळ्यात ताकदवान घराण्यात जन्मलाय. आणि त्याला हसणारी मंडळी मागच्या बाकावरची नाहीत, घरातली आहेत. आई, आजी, सख्खी बहीण. अशा मुलाचं पुढे काय होईल असं तुम्हाला वाटतं?

त्या मुलाचं नाव क्लॉडियस.

घरातलीच अडचण

इसवी सनपूर्व १०, तारीख १ ऑगस्ट. आज फ्रान्समध्ये जे ल्यों शहर आहे, तिथे क्लॉडियसचा जन्म झाला. तेव्हा त्या गावाचं नाव लुग्डुनम होतं. वडील ड्रुसस हे रोमचे नावाजलेले सेनापती. आई अँटोनिया ही मार्क अँटनीची मुलगी, तोच क्लिओपात्रावाला अँटनी. आजी लिव्हिया ही सम्राट ऑगस्टसची बायको. म्हणजे ऑगस्टस हा क्लॉडियसच्या आजीचा नवरा आणि आईचा मामाही. नाती मोजायला बसलात तर डोकं फिरेल, पण एवढं लक्षात ठेवा की यापेक्षा मोठं खानदान त्या काळात रोममध्ये नव्हतं.

पोरगं वर्षाचं असताना वडील जर्मनीतल्या मोहिमेवर घोड्यावरून पडून गेले. मोठा भाऊ जर्मेनिकस दिसायला देखणा, लढाईत शूर, लोकांचा लाडका. धाकटा क्लॉडियस मात्र सतत आजारी. चालताना गुडघे साथ देत नसत, मान थरथरायची, जीभ अडखळायची, चिडला की तोंडाला फेस यायचा. आजचे काही डॉक्टर या लक्षणांवरून त्याला सेरेब्रल पाल्सी असावी असा अंदाज बांधतात. त्या काळात असं निदान करणारं कुणी नव्हतं. शरीर नीट चालत नाही म्हणजे डोकंही चालत नसणार, असा सरळ हिशेब घरच्यांनी मांडला.

आई त्याला निसर्गाने अर्धवट सोडलेलं काहीतरी समजायची. कुणी मूर्खपणा केला की तुलना करायला तिच्याकडे स्वतःचा मुलगा तयार असायचा. आजी त्याच्याशी फारसं बोलतच नसे. काही सांगायचं झालं तर कोरडी चिठ्ठी पाठवायची. हा कधीतरी सम्राट होणार असं कुणीतरी म्हणाल्याचं बहिणीच्या कानावर आलं, तेव्हा रोमवर असा वाईट प्रसंग न येवो म्हणून तिने मोठ्याने देवाला साकडं घातलं. शिकवायला जो माणूस ठेवला तो पूर्वी खेचरांच्या तांड्यावर देखरेख करणारा. तो आपल्याला कारण नसताना मारायचा, अशी तक्रार क्लॉडियसने म्हातारपणी स्वतःच लिहून ठेवली आहे.

रोमन मुलगा वयात आला की त्याला वाजतगाजत मोठ्यांचा पोशाख देत. नातेवाईक, ओळखीपाळखीचे, सगळे जमत. क्लॉडियसचा हा समारंभ झाला मध्यरात्री. पालखीत बसवून, गाजावाजा न करता, कुणाला दिसू नये अशा बेताने. वडिलांच्या स्मरणार्थ खेळ भरवले तेव्हा तो अध्यक्षस्थानी होता, पण डोक्यावरून घोंगडीसारखं वस्त्र पांघरून. हा मुलगा नक्की दाखवायचा कुठे आणि लपवायचा कुठे, यावर खुद्द ऑगस्टसने लिव्हियाला पत्रं लिहिली. सम्राटाच्या बॉक्समध्ये बसवला तर लोक हसतील, ही काळजी त्यात आहे. आणि एका पत्रात आश्चर्यही आहे. साधं बोलताना इतका अडखळणारा मुलगा तयारी करून भाषण द्यायला उभा राहिला की इतकं छान कसं बोलतो, हे त्या म्हाताऱ्याला कळेना.

इथे थोडं थांबा. इतक्या जणांत एकाला तरी दिसलं होतं की पोराच्या डोक्यात काही कमी नाही. पण ते दिसूनही कुणी काही केलं नाही.

लायब्ररीतला माणूस

ज्याला मैदानात कुणी घेत नाही तो बरेचदा लायब्ररीत सापडतो. क्लॉडियसचंही तेच झालं. रोमचा मोठा इतिहासकार लिव्ही याने त्याला इतिहास लिहायला प्रोत्साहन दिलं. क्लॉडियसने विषय निवडला तोच मुळात स्फोटक. ज्युलियस सीझरचा खून आणि त्यानंतरची यादवी. म्हणजे आजोबांची पिढी एकमेकांच्या जिवावर उठली होती तो काळ. आई आणि आजी दोघींनी त्याला झापलं. हा विषय काढायचा नाही. त्याने ती वर्षं गाळली आणि यादवी संपल्यानंतरच्या काळापासून पुढे लिहायला घेतलं. घरगुती सेन्सॉरशिप काय असते, हे तुमच्यापैकी ज्यांनी घरात राजकारणावर तोंड उघडून पाहिलंय त्यांना वेगळं सांगायला नको.

त्याच्या पहिल्या जाहीर वाचनाचा किस्सा भारी आहे. हॉल भरलेला. क्लॉडियस वाचायला सुरुवात करतो आणि एक अगडबंब माणूस बसल्यामुळे बाकं कडाकडा मोडतात. हशा पिकतो. तो शांत झाल्यावर क्लॉडियस पुन्हा वाचायला लागतो, पण आता त्यालाच तो प्रसंग आठवून हसू येत राहतं. वाचन बोंबललं. पुढे आपलं लिखाण तो दुसऱ्याकडून वाचून घ्यायचा.

लिखाण मात्र थांबलं नाही. एट्रस्कन लोकांचा इतिहास २० भागांत, कार्थेजचा ८ भागांत, दोन्ही ग्रीक भाषेत. शिवाय आत्मचरित्र ८ भागांत. आणि हो, फाशांच्या जुगारावरही एक पुस्तक! फाशांचा त्याला इतका नाद होता की प्रवासात खेळता यावं म्हणून रथात पट बसवून घेतला होता. यातलं एकही पुस्तक आज शिल्लक नाही. एट्रस्कन भाषा आज आपल्याला जेमतेम कळते. त्यामुळे ते २० भाग सापडले असते तर, या विचाराने अभ्यासक आजही हळहळतात.

काका टायबेरियस सम्राट झाला तेव्हा क्लॉडियसने सरकारी पद मागितलं. काकाने पदाची नुसती शोभेची चिन्हं दिली. क्लॉडियसने पुन्हा लिहिलं की मला खरं काम हवंय. उत्तरादाखल सणाच्या खरेदीसाठी ४० सोन्याची नाणी आली. काम मागितलं तर खाऊला पैसे! मग त्याने नाद सोडला. बागेत, गावाकडच्या घरात राहायचा, प्यायचा, जुगार खेळायचा, वाचायचा.

पुतण्याच्या पंगतीत

इसवी सन ३७ मध्ये टायबेरियस गेला आणि जर्मेनिकसचा मुलगा कॅलिग्युला गादीवर आला. जर्मेनिकस बिचारा आधीच, इसवी सन १९ मध्ये वारला होता. पुतण्याने काकाला आपल्याबरोबर कॉन्सल केलं. हे रोममधलं सगळ्यात मानाचं पद. म्हणजे ४६ व्या वर्षी क्लॉडियसला पहिली खरी पोस्ट मिळाली.

पण दरबारात त्याची जागा विदूषकाचीच राहिली. जेवायला उशीर झाला तर बसायला कुणी जागा देत नसे, सगळ्या दालनाला फेरी मारून मग कुठेतरी टेकायचं. जेवण झाल्यावर डोळा लागला की पाहुणे त्याच्यावर ऑलिव्हच्या आणि खजुराच्या बिया फेकत. कुणीतरी झोपेतच त्याच्या हातांत चपला अडकवून ठेवायचं, म्हणजे दचकून उठला की डोळे चोळताना चपला तोंडावर घासणार. हॉस्टेलमध्ये राहिलेल्यांना हे प्रकार ओळखीचे वाटतील. फरक एवढाच की इथे टार्गेट पन्नाशीला आलेला, सम्राटाचा सख्खा काका होता.

याच चेष्टेने त्याला वाचवलं, असं म्हणायला जागा आहे. कॅलिग्युलाने स्वतःच्या घरातले किती तरी संपवले. गादीवर हक्क सांगू शकेल असा प्रत्येक माणूस त्याला धोका वाटायचा. क्लॉडियस कुणालाच धोका वाटला नाही. नंतर सम्राट झाल्यावर तो सांगायचा की आपण जगण्यासाठी मुद्दाम वेड पांघरलं होतं. त्यावर कुणीतरी लगेच एक पुस्तिका काढली, तिचा सूर असा की मूर्ख असल्याचं सोंग कुणी घेत नसतं. सम्राट झाला तरी ट्रोलिंग चालूच!

२४ जानेवारी, इसवी सन ४१

राजवाड्याजवळ खेळ चालू होते. दुपारी कॅलिग्युला तिथून उठला आणि एका बोळात त्याच्याच संरक्षक दलातल्या कॅसियस केरियाने आणि साथीदारांनी त्याला भोसकलं. त्याची बायको आणि लहानगी मुलगीही मारली गेली. राजवाड्यात धावपळ, किंकाळ्या. दिसेल त्यावर तलवारी चालत होत्या.

क्लॉडियस एका दालनात शिरला, तिथून गच्चीकडे सरकला आणि दारावरच्या पडद्याच्या घडीत लपला. पडदा जमिनीला टेकत नव्हता. शोध घेत आलेल्या एका सैनिकाला पाय दिसले. त्याने ओढून बाहेर काढलं. क्लॉडियस गुडघ्यांवर कोसळला, आता आपण मरणार या खात्रीने. सैनिकाने त्याला सम्राट म्हणून सलाम ठोकला.

आता हे असं का झालं? त्यात योगायोग आहे, पण गणितही आहे. प्रिटोरियन गार्ड म्हणजे सम्राटाचे अंगरक्षक. सम्राटच नसेल तर त्यांची नोकरी काय कामाची? तिकडे सिनेटमध्ये उमराव मंडळी जुनं प्रजासत्ताक परत आणावं का, यावर खल करत बसली होती. इकडे गार्डने जर्मेनिकसचा भाऊ आपल्या छावणीत नेऊन ठेवला. दुसऱ्या दिवसापर्यंत सिनेटची चर्चा संपायच्या आत निकाल लागला होता. क्लॉडियसने प्रत्येक गार्डला १५,००० सेस्टर्स कबूल केले. अंदाज यावा म्हणून सांगतो, साध्या सैनिकाचा वर्षाचा पगार ९०० सेस्टर्स होता. सैन्याची निष्ठा रोख पैसे मोजून विकत घेणारा हा पहिला सम्राट. पुढच्या काळात याच प्रथेने रोमचं वाटोळं केलं, हेही नोंदवून ठेवा.

केरियाला मृत्युदंड झाला. बाकी बऱ्याच जणांना क्लॉडियसने माफी दिली आणि त्या दोन दिवसांत कोण काय बोललं ते विसरून जायचं ठरवलं.

धान्य, पाणी आणि एक बुडवलेलं जहाज

सम्राट झालेला हा पुस्तकी माणूस काम करायला बसला आणि सगळे चकित झाले. कारण त्याला काम आवडायचं! तो न्यायदानाला बसायचा, सणासुदीलाही बसायचा. कधी निवाडे अचूक, कधी विचित्र. एकदा तर चिडलेल्या पक्षकाराने हातातली लेखणी आणि पाट्या त्याच्या तोंडावर फेकल्या, गालाला जखम झाली. एका दिवसात वीस फर्मानं काढल्याची नोंद आहे. त्यात द्राक्षांचं पीक चांगलं आलंय तर मद्याचे बुधले नीट डांबर लावून बंद करा, इथपर्यंतच्या सूचना होत्या.

पण त्याची खरी ओळख दिसते ती तीन कामांत.

पहिलं, धान्य. रोम शहर इजिप्त आणि उत्तर आफ्रिकेच्या गव्हावर जगायचं. हिवाळ्यात समुद्र खवळलेला, जहाजं बंद. एकदा टंचाईच्या काळात चिडलेल्या जमावाने भर चौकात सम्राटाला घेरलं, शिव्या घातल्या आणि भाकरीचे तुकडे फेकून मारले. राजवाड्याच्या मागच्या दाराने तो कसाबसा निसटला. दुसऱ्या कुणी सैन्य सोडलं असतं. क्लॉडियसने व्यापाऱ्यांना सांगितलं की हिवाळ्यात जहाजं पाठवा, वादळात नुकसान झालं तर ते सरकार भरून देईल. जहाज बांधणाऱ्यांना सवलती दिल्या. आज ज्याला आपण इन्शुरन्स आणि इन्सेंटिव्ह म्हणतो, तेच हे.

दुसरं, बंदर. टायबर नदीच्या मुखाशी ऑस्टिया गाव, पण तिथे मोठी जहाजं सुरक्षित उभी राहत नसत. इंजिनिअर मंडळींनी खर्चाचा आकडा सांगून त्याला घाबरवलं. इसवी सन ४२ मध्ये त्याने काम सुरू केलंच. समुद्रात दोन बाजूंनी बांध घातले. मध्ये दीपस्तंभ उभारायला पाया हवा होता. कॅलिग्युलाने इजिप्तहून एक प्रचंड ओबेलिस्क ज्या जहाजातून आणला ते जहाज तिथे नेऊन बुडवलं आणि त्यावर पाया घातला. तो ओबेलिस्क आज व्हॅटिकनच्या सेंट पीटर्स चौकात उभा आहे. फोटोत पाहिलाच असेल.

तिसरं, पाणी. कॅलिग्युलाने अर्धवट सोडलेले दोन जलसेतू त्याने इसवी सन ५२ मध्ये पूर्ण केले. त्यातल्या ॲक्वा क्लॉडियाची लांबी जवळपास ६९ किलोमीटर. त्याच्या कमानी रोमच्या वेशीवर आजही दिसतात. फुसिनो तलावाचं पाणी डोंगरातून काढून शेतजमीन मिळवायची म्हणून ३०,००० माणसं ११ वर्षं बोगदा खणत होती. हे काम मात्र नीट जमलं नाही. तो तलाव पूर्ण आटवायला एकोणिसावं शतक उजाडावं लागलं.

याच सुमाराला आपल्या किनाऱ्याचा आणि रोमचा व्यापार भरात आला होता. इजिप्तमधून निघालेली जहाजं मोसमी वाऱ्यांवर स्वार होऊन भारताकडे येत. त्या शतकातल्या एका ग्रीक खलाशी-मार्गदर्शिकेत सोपारा, कल्याण, पैठण आणि तेर यांची नावं आहेत. श्रीलंकेहून राजदूत क्लॉडियसच्याच दरबारात आल्याचं रोमन लेखक प्लिनीने लिहून ठेवलंय.

ब्रिटनमध्ये सोळा दिवस

ज्याला लोक दुबळा समजतात त्याला एक विजय हवाच असतो. ज्युलियस सीझरलाही जे टिकवता आलं नाही ते ब्रिटन क्लॉडियसने निवडलं. इसवी सन ४३. सेनापती ऑलस प्लॉटियस, चार लीजन. सैनिक खाडी ओलांडायला तयार होईनात, कारण त्यांच्या मते पलीकडे जगच संपत होतं. त्यांना समजवायला सम्राटाने आपला सेक्रेटरी नार्सिसस पाठवला. हा पूर्वीचा गुलाम. गुलाम आपल्याला भाषण देतोय हे पाहून सैनिकांनी त्याची हुर्यो उडवली, पण त्या थट्टेतच वातावरण निवळलं आणि सैन्य बोटीत चढलं.

लढाई बरीचशी झाल्यावर क्लॉडियस स्वतः पोहोचला, हत्ती घेऊन! आजच्या कोलचेस्टरमध्ये तो विजयी म्हणून शिरला. ब्रिटनमध्ये राहिला एकूण १६ दिवस. मुलाचं नाव ठेवलं ब्रिटानिकस. तिथल्या लोकांसाठी मात्र हे आक्रमण होतं, आणि ते पुढे साडेतीनशेच्या वर वर्षं चाललं. कॅराटॅकस नावाचा त्यांचा राजा आठ वर्षं लढला. पकडून रोमला आणल्यावर तो मान ताठ ठेवून बोलला आणि क्लॉडियसने त्याला सहकुटुंब जीवदान दिलं.

ज्यांना कुणी मोजत नव्हतं

टायबर नदीत एक बेट आहे, तिथे आरोग्यदेवतेचं मंदिर होतं. गुलाम आजारी पडला की औषधपाण्याचा खर्च नको म्हणून मालक त्याला त्या बेटावर नेऊन टाकत. मेला तर मेला, बरा झाला तर परत कामाला. क्लॉडियसने नियम केला: असा टाकून दिलेला गुलाम बरा झाला तर तो स्वतंत्र, मालकाकडे परत जाणार नाही. आणि टाकण्याऐवजी कुणी त्याला मारलंच, तर तो खून धरला जाईल.

हा कायदा करणाऱ्याला टाकून दिलं जाणं म्हणजे काय ते माहीत होतं. त्याच्या मनात काय होतं ते मी सांगू शकत नाही, पण मला ते बेट आणि तो मध्यरात्रीचा समारंभ एकाच वेळी आठवतात.

इसवी सन ४८ मध्ये असाच आणखी एक प्रश्न आला. गॉलमधल्या, म्हणजे आजच्या फ्रान्समधल्या प्रतिष्ठितांना सिनेटमध्ये घ्यायचं का? इटलीतले जुने सिनेटर खवळले. परके आपल्या जागा बळकावणार! वाद ओळखीचा वाटतोय ना? क्लॉडियसने सिनेटपुढे भाषण केलं. रोमचे जुने राजेसुद्धा बाहेरून आलेले होते, रोम वाढलं तेच परक्यांना सामावून घेत, असा त्याचा मुद्दा. सम्राटाचं म्हणणं मान्य झालं. या भाषणाची प्रत ब्राँझच्या पत्र्यावर कोरलेली होती. ती १५२८ मध्ये त्याच्या जन्मगावी, ल्योंमध्ये सापडली आणि आज तिथल्याच म्युझियममध्ये आहे. वाचलंत तर कळतं की भाषण पाल्हाळिक आहे, मध्येच गाडी एट्रस्कन इतिहासाकडे वळते. अभ्यासू माणसाला माईक मिळाला की होतं तसं! पण मुद्दा पक्का आहे.

लिपीतही त्याने तीन नवी अक्षरं घातली. ती त्याच्या काळातल्या शिलालेखांवर दिसतात. तो गेला आणि ती अक्षरंही गेली.

आता दुसरी बाजू

इथेच लेख संपवला असता तर मस्त इन्स्पिरेशनल स्टोरी झाली असती. पण ते खोटं ठरलं असतं.

क्लॉडियसच्या कारकिर्दीत ३५ सिनेटर आणि ३०० हून जास्त सरदार मारले गेले, असा आकडा त्याचा चरित्रकार सुएटोनियस देतो. काही खरे कटवाले असतील. दुसऱ्याच वर्षी डाल्मेशियातल्या सुभेदाराने बंड केलं होतं. पण कित्येकांना बाजू मांडायची संधीही मिळाली नाही. राजवाड्यात बंद दाराआड सुनावणी, कानात कुणीतरी काही सांगणार आणि माणूस संपला. तलवारीचे खेळही त्याला अतिशय आवडत. फुसिनो तलावाच्या उद्घाटनाला १९,००० कैद्यांना जहाजांवर चढवून खोटी नाही, खरी लढाई करायला लावली. गुलामांसाठी कायदा करणारा माणूस हाच.

हे का झालं? एक कारण भीती. पडद्यामागून ओढून काढलेला माणूस त्या पडद्यामागून पुरता बाहेर आलाच नाही. त्याला भेटायला येणाऱ्याची अंगझडती होई, जेवताना भोवती भालेवाले उभे असत. आणि जो सतत घाबरलेला असतो त्याला कुणीही घाबरवून आपलं काम साधू शकतं. नार्सिसस, पॅलस, कॅलिस्टस हे त्याचे मुक्त केलेले गुलाम पत्रव्यवहार, हिशेब, अर्ज अशी खाती सांभाळत. माणसं हुशार आणि कामाला वाघ. उमरावांना ते डोळ्यांत खुपायचे. पण त्यांनी पैसाही अफाट केला. नार्सिससची संपत्ती ४० कोटी सेस्टर्स होती असं सांगतात.

तिसरी बायको मेसालिना त्याच्यापेक्षा खूपच लहान. ऑक्टेव्हिया आणि ब्रिटानिकस ही तिची मुलं. इसवी सन ४८ मध्ये नवरा ऑस्टियाला गेलेला असताना तिने गायस सिलियस नावाच्या उमरावाशी चक्क लग्न लावलं. त्यात सत्तापालटाचा कट होता की नुसती बेफिकिरी, यावर अजून वाद आहे. नार्सिससने सूत्रं हातात घेतली, दोघंही मारले गेले. बातमी आली तेव्हा क्लॉडियस जेवत होता. त्याने काही विचारलं नाही, प्याला मागवला. ज्यांना त्याच्याच हुकमाने मारलं त्यांना दुसऱ्या दिवशी फासे खेळायला बोलावणं पाठवल्याच्या गोष्टीही आहेत. याला विसरभोळेपणा म्हणायचं की आणखी काही? मला उत्तर सापडलेलं नाही.

शेवटचं जेवण

चौथं लग्न त्याने सख्ख्या पुतणीशी केलं. जर्मेनिकसची मुलगी अग्रिपिना. काका-पुतणीचं लग्न रोममध्येही निषिद्ध होतं, त्यासाठी सिनेटकडून कायदा बदलून घेतला. अग्रिपिनाला आधीचा एक मुलगा होता. इसवी सन ५० मध्ये क्लॉडियसने त्याला दत्तक घेतलं आणि त्याचं नाव झालं नीरो. तो ब्रिटानिकसपेक्षा तीन वर्षांनी मोठा. म्हणजे सख्खा मुलगा मागे पडला. मुलगी ऑक्टेव्हिया नीरोला दिली. ज्याचं बालपण घरच्यांनी कोपऱ्यात ढकललं, त्याने स्वतःच्या मुलालाही कोपऱ्यातच ढकललं.

१३ ऑक्टोबर ५४ रोजी क्लॉडियस वारला, वय ६३. जुने लेखक सांगतात की अग्रिपिनाने त्याच्या आवडत्या अळंब्यांतून विष घातलं. काही आधुनिक अभ्यासकांना तो नैसर्गिक मृत्यू वाटतो. १६ वर्षांचा नीरो सम्राट झाला. चार महिन्यांत ब्रिटानिकस जेवणाच्या पंगतीतच कोसळून मेला. पुढे नीरोने आईला मारलं, ऑक्टेव्हियालाही.

अंत्यविधीला नीरोने भाषण वाचलं, लिहून दिलं होतं तत्त्वज्ञ सेनेकाने. क्लॉडियसच्या दूरदृष्टीचा आणि शहाणपणाचा उल्लेख आला तेव्हा लोकांना हसू आवरेना. पहिल्या वाचनाला हशा, शेवटच्या निरोपालाही हशा.

सोर्स कोण?

मास कॉमला आम्हाला पहिल्या वर्षापासून एक प्रश्न घोकायला लावतात: बातमी देतोय कोण? तो इथे विचारून बघा. क्लॉडियसबद्दल आपल्याला मुख्यतः सांगतात तिघं. टॅसिटस, सुएटोनियस आणि डिओ कॅसियस. तिघंही त्याच्या मृत्यूनंतर जन्मलेले. टॅसिटस आणि डिओ तर स्वतः सिनेटर, म्हणजे ज्या वर्गाची माणसं क्लॉडियसने मारली आणि ज्यांच्या डोक्यावर त्याने गुलाम आणून बसवले, त्याच वर्गातले. सेनेकाला क्लॉडियसने आठ वर्षं कॉर्सिका बेटावर हद्दपार केलं होतं. तिथून त्याने सम्राटाच्या माणसाला खुशामतीचं पत्र लिहिलं. सम्राट मेल्यावर त्याची यथेच्छ टिंगल करणारं एक पुस्तक आलं, तेही सेनेकाच्याच नावावर आहे.

म्हणून चपला, बिया, फेस, विसराळूपणा हे सगळं खोटं असं मी म्हणत नाही. पण ते सांगणाऱ्याला त्यात मजा येत होती, हे लक्षात ठेवून वाचायचं. दुसरीकडे ब्राँझचा पत्रा, कमानी, बंदराचे अवशेष हे कुणाच्या मूडवर अवलंबून नाहीत. दोन्ही समोर ठेवल्यावर जो माणूस दिसतो तो मूर्ख नाही आणि संतही नाही. १९३४ मध्ये रॉबर्ट ग्रेव्हजने त्याच्यावर ‘आय, क्लॉडियस’ ही कादंबरी लिहिली, १९७६ मध्ये बीबीसीने मालिका केली. तेव्हापासून जगाची सहानुभूती त्याच्याकडे झुकली आहे. मालिका जरूर बघा, फक्त त्या सहानुभूतीलाही हाच प्रश्न विचारा.

तर तुमच्या वर्गातला तो मुलगा. तो उद्या सम्राट होणार आहे म्हणून त्याला हसू नका, असं मी सांगणार नाही. बहुतेक जण सम्राट होत नाहीत, आणि झाले नाहीत तरी त्यांना हसायचं कारण नाही. मी एवढंच सांगेन की क्लॉडियसला पन्नास वर्षांत एकाने तरी, भाषण चांगलं झालं, हे तोंडावर सांगायला हवं होतं. ऑगस्टसला ते जाणवलं होतं. पण त्याने ते बायकोला पत्रात कळवलं आणि पोराला मात्र लपवूनच ठेवलं.

आणि तो मुलगा, ती मुलगी तुम्हीच असाल तर? वाचत राहा, लिहीत राहा. कधीतरी तुमच्याही हातात काहीतरी येईल, सत्ता नाही तरी एखादी टीम, एखादं ऑफिस, एखादं घर. तेव्हा भोवतीच्या माणसांत कोण कोपऱ्यात बसलंय, हे आधी बघा. क्लॉडियसला टायबरच्या बेटावरचे गुलाम दिसले. स्वतःच्या घरातला ब्रिटानिकस दिसला नाही.